चिंचेने घासलेला बिल्ला

दुपारचं जेवण उरकलं की हल्ली माझ्यात काही राहत नाही, हातपाय गळून जातात. तरी पडवीत खुर्ची ओढून चिठ्ठ्या लिहीत बसलेय. उद्या कॉलेजातले सर यायचेत, ह्यांचा खोका न्यायला. कॉलेजात काचेचं कपाट केलंय म्हणे, त्यात सगळं मांडणार. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी हवी, काय आहे, कुठे सापडली, किती खोल. "बाई, तुम्हीच लिहा, तुम्हाला माहिती," म्हणाले. मला काय डोंबल माहिती. ह्यांच्या वहीतून बघून उतरवतेय.

हे म्हणजे माझे यजमान, शांताराम गमरे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दिवाळीनंतर गेले, त्याला सहा महिने झाले. आमच्या गावाबाहेर इंग्रजांच्या काळात पलटणींची छावणी होती, जुनी माणसं त्या माळाला अजून कॅम्पच म्हणतात. रिटायर झाल्यावर ह्यांनी पुण्याहून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र मागवलं आणि नऊ वर्षं तो माळ पिंजून काढला. कानाला ते हेडफोन, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला थाळी. टुंई वाजलं की बसायचं, उकरायचं, आणि खड्डा बुजवल्याशिवाय उठायचं नाही. घरी यायचं ते गुडघे लाल करून. ते पायजमे मी धुतले आहेत, नऊ वर्षं.

शिशाच्या गोळ्या झाल्या, कोटाची बटणं झाली, बुटाच्या टाचेचे नाल झाले. आता हातात आहे तो शेवटचा, पितळेचा बिल्ला. रुपयाहून थोडा मोठा, वर एक भोक. वहीत ह्यांच्या अक्षरात लिहिलंय, "बिल्ला, पितळी. सुरूच्या झाडांखाली, एक वीत खोल. आकडा झिजलेला, वाचता येत नाही."

इथे माझं पेन अडलंय. आकडा झिजलेला नव्हता. आकडा मी घासून काढला.

गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं पितळ काढलं होतं मी. चिंच भिजवलेली, काथ्या हातात. ओट्याच्या कडेला हे हिरवट, मातकट काहीतरी पडलेलं दिसलं, तेही घेतलं लोट्याबरोबर. चांगलं दोन्ही बाजूंनी घासलं. सोन्यासारखं केलं आणि कौतुकाने ह्यांच्या हातावर ठेवलं. हे बघत राहिले. "बरं," म्हणाले आणि आत गेले. चार दिवस जेवताना वर बघितलं नाही. का, ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण असल्या रुसव्यांचा मला कंटाळा आला होता. हे गेल्यावर वही उघडली तेव्हा कळलं. पहिल्याच पानावर लिहिलंय, "भिवा गमरे, शिपाई, नंबर ७४३. पणजोबा." नऊ वर्षं माणूस तो एक आकडा शोधत होता.

आता चिठ्ठीवर काय लिहू? बिल्ला मुठीत धरते, डोळे जरा मिटते. समोरच्या घरी कुणीतरी मसाला कुटतंय, त्याचा आवाज लांब लांब जातो.

टुंई.

हे स्वयंपाकघरात उभे आहेत. कानाला हेडफोन, हातात यंत्र, आणि ओट्याखालची फरशी हुंगल्यासारखी थाळी फिरवतायत.

"अहो, चपला काढा," मी म्हणते. गेलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय बोलावं, तर हे.

"काढल्यात," हे म्हणतात. बघते तर खरंच अनवाणी आहेत. पण फरशी कुठाय? पायाखाली गवत आहे, पिवळं, एप्रिलमधलं, आणि भांड्यांची मांडणी सुरूच्या दोन झाडांच्या मध्ये लावलेली आहे. नळ सोडते तर लाल माती येते, बारीक, चाळलेली.

"पाणी गेलंय वाटतं," मी म्हणते.

"मग बस ना जरा. सदानकदा उभी असतेस."

मी बसते. खूप दमलेय हो, हे त्यांना सांगावंसं वाटतं. तुमच्यामागे बँकेत तीनदा गेले, रेशनकार्डावरून तुमचं नाव कमी करायला दोनदा, आणि प्रत्येक जण म्हणतो, मिस्टरांना पाठवा. पण ते राहू दे. आधी दुसरं बोलायचंय.

"तुमचा आकडा मी घासला," मी म्हणते.

हे हेडफोन एका कानावरून सरकवतात. "काय म्हणालीस?"

"बिल्ल्याचा आकडा. चिंच लावून. मला माहीत नव्हतं हो."

हे दांडा उचलून चालायला लागतात, तशी मी मागून जाते. दोन पावलांवर डेपो आहे. बसखालच्या खड्ड्यात हे उतरलेत, वर बस नाही, नुसतं आभाळ आहे, आणि हातात हातोडी घेऊन एका लोखंडी पट्टीवर आकडे ठोकतायत. ठक. ठक.

"सांगायचं होतंत ना मला," मी कडेवरून म्हणते. आता माझा आवाज चढलाय. "एका शब्दाने सांगितलं असतंत, की बाई गं, ह्याला हात लावू नकोस, माझ्या पणजोबांचा असेल. मी हात लावला असता? चार दिवस तोंड फुगवून बसलात आणि मग खुशाल मरून गेलात. मी आता कुणाला विचारू?"

ठक. "सांगितलं होतं एकदा."

"कधी?"

"हे बघ, तिकडे."

मांडव आहे. आमच्याच लग्नाचा, आमच्या अंगणातला. पंगत बसलीय, पानांवर भात वाढलेला. हे पंचवीस वर्षांचे, नव्या सदऱ्यात, माझ्या दोन्ही भावांना सांगतायत, आमचे पणजोबा पलटणीत शिपाई होते, कॅम्पातच होते, पेन्शन यायची घरी. थोरला भाऊ म्हणतो, "हो का, मग आमचे लाटसाहेब होते." पंगत हसते. आणि भावाच्या मागे वाढायला उभी असलेली हिरव्या साडीतली मुलगी, ती मी, तीही हसते. चांगली तोंडाला पदर लावून हसते.

यंत्र घेतलेले म्हातारे हे पंगतीतून चाललेत. प्रत्येक पानावर थाळी धरतात. वाजत नाही. तिच्यासमोर धरतात तेव्हाही वाजत नाही.

"एवढंसं हसले होते," मी म्हणते.

"हो. एवढंसंच."

"चव्वेचाळीस वर्षं धरून ठेवलंत?"

"धरलं कुठे. पुन्हा सांगितलं नाही, एवढंच. म्हटलं सापडला आकडा की समोर ठेवू."

मला रडू येतं. राग आणि रडू एकदम येतं, आणि मी त्या पंगतीत मधोमध बसते, कुणाच्या तरी पानापुढे. "चुकलं माझं," मी म्हणते. हे वाक्य आमच्या घरात मी कधी म्हटलं नव्हतं. ह्यांनीही नाही. तोंडात नवीन दातासारखं वाटतं ते.

"उठ," हे म्हणतात. "पाय आखडतील. तुला एक दाखवायचंय."

सकाळ आहे. सुरूची झाडं नाहीत, अजून लावलेली नाहीत. माळावर राहुट्यांची रांग आहे, पांढरी, पार टोकापर्यंत, आणि कुठेतरी चूल पेटलीय. शेवटच्या राहुटीसमोर एक माणूस उकिडवा बसलाय, आमच्याकडे पाठ करून. डोक्याला मुंडासं. समोर नारळाच्या करवंटीत काहीतरी भिजत घातलंय. वासावरून कळतं, चिंच.

माणूस काथ्या बुडवतो आणि हातातलं काहीतरी घासतो. पुन्हा बुडवतो, पुन्हा घासतो. राख लावतो. मन लावून करतोय, घाई नाही. हाताची पेरं मला ओळखीची आहेत. ती रुंद, मधलं बोट जरा वाकडं. चव्वेचाळीस वर्षं त्या बोटांना मी भाकरी वाढलीय.

"काय करतायत?" मी हळूच विचारते.

"बिल्ला घासतायत. परेडला चकचकीत लागतो. रोज सकाळी घासायचा."

"रोज?"

"वीस वर्षं नोकरी झाली. तू हिशेब कर."

मला हसू फुटतं. हेही हसतात, आवाज न करता, खांदे हलवत, तसेच. तो माणूस मागे वळून बघत नाही. बिल्ला उन्हात धरून बघतो, पटत नाही, पुन्हा चिंचेत बुडवतो.

"मग तुम्ही वहीत झिजलेला लिहिलंत, ते मला सांभाळून घ्यायला नव्हतं?"

"झिजलेलाच होता. तुझ्या हातात आला तेव्हा उरलासुरला होता." मग म्हणतात, "पहिले दोन दिवस रागच होता. खोटं कशाला बोलू."

"आणि नंतरचे दोन दिवस?"

"नंतर आता काय बोलायचं, ते सुचत नव्हतं."

हे खरं वाटतं मला. हा माणूस असाच होता.

हे खाली बसतात, माझा हात घेतात, बिल्ला माझ्या तळव्यावर ठेवतात आणि बोटं मिटवतात, एकेक करून. "डोळ्यांनी बघत बसू नकोस. डेपोत चाळीस वर्षं पार्टांवर आकडे ठोकले मी. ठोकलेला आकडा नुसता वर नसतो, खालीपर्यंत दबलेला असतो. घट्ट धर."

"धरलाय."

"अजून."

दुखेपर्यंत दाबते. हे यंत्र खांद्यावर घेतात. राहुटीसमोर उकरलेला एक खड्डा पायाने बुजवतात, वरून माती थोपटतात. मग सवयीने म्हणतात, "येतो गं, चहा ठेव."

"किती वाजता याल?" मी विचारते, आणि माझाच आवाज ऐकून जागी होते.

पडवी. ऊन खांबापर्यंत सरकलंय. समोरचं कुटणं थांबलंय. चिठ्ठ्या मांडीवरून खाली पडल्यात आणि मान आखडलीय. स्वप्नातलं माणूस आपल्याच मनातलं बोलतं, एवढं मला कळतं. पंगतीत हसलेलं मला आठवत होतंच, विसरले होते असं थोडंच आहे. मूठ मात्र अजून मिटलेली आहे, बोटं सोडवेनात. डाव्या हाताने उघडावी लागतात.

तळव्यावर, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात, बिल्ल्याचा गोल उमटलाय, लालभडक. आणि गोलाच्या आत एक बारीक, वाकडी रेघ उठलीय. वर आडवी, मग खाली तिरकी. शेजारी काही नाही.

चष्मा लावून बघते, ओळख पटत नाही. मग उठते, गुडघे कुरकुरतात, आत जाऊन ह्यांच्या दाढीच्या आरशासमोर तळवा धरते. आरशात ती रेघ सरळ होते. इंग्रजी सात.

बिल्ला उजेडात धरते, तर काही दिसत नाही, नुसतं पितळ. नखाने चाचपते, लागतं न लागतं.

सात कितीतरी शिपायांच्या आकड्यांत असेल. हे मला कळतं. तरी आरशासमोर उभी राहते, रेघ पुसट होत होत जाईपर्यंत. पाचेक मिनिटं लागली असतील. मग पडवीत येऊन चिठ्ठ्या गोळा करते, शेवटची पुढे ओढते आणि वहीत न बघता लिहिते.

"पितळी बिल्ला. सुरूच्या झाडांखाली, एक वीत खोल. शोधला शांताराम गमरे यांनी, पणजोबा भिवा गमरे, शिपाई नंबर ७४३, यांचा असेल म्हणून. आकडा घासून गेला आहे. आधी ज्याचा होता त्याने घासला, शेवटी मी. पहिला सात अजून हाताला लागतो."

खाली सही करते. मग चहा ठेवायला उठते.