काकांच्या शेजारची जागा

काका बस चालवायचे. चौतीस वर्षं, एकाच रस्त्यावर, सकाळी सहाची गाडी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा उजवा पाय अजून निवृत्त झालेला नाही. टॅक्सीत बसले आणि समोर कोणी आडवं आलं, की तो आपोआप खाली दाबला जातो. टीव्हीवर गाडी वेगाने वळली तरी काका सोफ्यावर बसल्या बसल्या ब्रेक मारतात.

काकूची तक्रार लग्नापासून एकच. "यांच्या शेजारी बसून मी कधी कुठे गेलेच नाही." खरंच होतं ते. ड्रायव्हरच्या कुटुंबाला पास मिळतो, शेजारची जागा मिळत नाही. काकू माहेरी जायची तीही काकांच्याच बसने, तिसऱ्या रांगेत, नवऱ्याच्या मानेकडे बघत. बरं, कुणाची छोटी गाडी मिळाली तर स्टेअरिंग काकांकडेच, आणि ते हाती आलं की काकांच्या तोंडाला कुलूप. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी चौतीस वर्षं डोक्यावर होती, ती त्यांनी फारच मनावर घेतली. एकदा अर्ध्या वाटेत काकूने विचारलं, "मी गॅस बंद केला होता का हो?" तासाभराने गाडी थांबली, तेव्हा उत्तर आलं, "मला काय माहीत?"

त्यामुळे ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, युरोपातल्या दोन देशांची सहल ठरवली आणि पुतण्या म्हणून, म्हणजे बॅगा उचलायला, मलाही सोबत घेतलं, तेव्हा काकूने एकच अट घातली. बघायचं काय ते तुम्ही ठरवा. एक प्रवास मात्र मला यांच्या शेजारी बसून, गप्पा मारत करायचाय.

जातानाच्या विमानातच ते जमणार होतं. पण एका बाईची आणि तिच्या लेकराची जागा वेगवेगळी आलेली काकांनी बघितली. आयुष्यभर प्रवासी बसवलेला माणूस तो. "तुम्ही बसा इथे, मी जातो मागे." नऊ तास काका एकोणीस रांगा मागे, आणि ते लेकरू काकूच्या अंगावर दोनदा ओकलं.

पहिला देश चार दिवसांत बघून झाला. तिथून दुसऱ्या देशात कसं जायचं, हे ताईने मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. भाड्याच्या घरातल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात बैठक बसली.

"विमानाने तासाभरात पोचू," ताई म्हणाली.

"आणि त्या एका तासासाठी तीन तास आधी जाऊन ताटकळायचं? त्यापेक्षा गाडी भाड्याने घेऊ. मी चालवतो," काका म्हणाले.

"नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"मग बस नाहीतर ट्रेन. बसला नऊ तास, ट्रेनला पाच," ताईने फोनवर बघून सांगितलं.

"काहीही ठरवा," काकू कप विसळत म्हणाली. "मला खिडकी नको, डोंगर नकोत. हे शेजारी हवेत."

"अगं, बसतो ना शेजारी. पळून चाललोय का मी?" काका उठले. "जरा बस कशी आहे ते बघून येतो."

मी सोबत गेलो. दुसऱ्या देशात जाणारी बस स्टँडवर उभीच होती. बस बघायची म्हणजे काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकेका टायरला बुटाने ठोकून पाहिलं. ड्रायव्हर तावातावाने खाली उतरला. पण काकांनी हवेतल्या हवेत गिअर बदलले, तोंडाने इंजिन सुरू केलं आणि बोटांनी चौतीस मोजून दाखवले. पाच मिनिटांत दोघं एकमेकांच्या पाठी थोपटत होते. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, त्यामुळे मतभेदाला वावच नव्हता. ड्रायव्हरने त्यांना आपल्या बाजूच्या, मदतनिसाच्या जागेवर बसवलं आणि खुणेने सांगितलं, उद्या या, ही तुमची.

काका जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. "ठरलं! बसनेच जायचं! पुढची जागा दिलीय त्याने मला. एवढी मोठी काच, अख्खा रस्ता दिसतो!"

"किती जणांची जागा आहे तिथे?" ताईने विचारलं.

"एकाची."

काकू बॅग भरत होती. वर न बघताच म्हणाली, "मग आमची तिसऱ्या रांगेतली काढ गं. मला सवय आहे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नव्हती. काका खुर्चीत बसले. त्यांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला मी बघितला.

"ट्रेनचं काढ," थोड्या वेळाने ते ताईला म्हणाले. "ट्रेनमध्ये ड्रायव्हर दिसत नाही. दिसला की माझं लक्ष त्याच्याकडेच जाणार."

सकाळी निघण्याआधी ते काकूला सोबत नेऊन त्या बसवाल्याला सांगून आले. काकूकडे बोट दाखवल्याबरोबर त्याने कपाळावर हात मारला. बायको म्हटलं की सगळ्या देशांत लगेच समजतं.

ट्रेनमध्ये मधे टेबल. एका बाजूला काका-काकू, समोर ताई आणि मी. पहिला अर्धा तास भयंकर गेला.

"हं, बोल," काका म्हणाले.

"तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"घ्या! आता तेही मीच सांगू?"

बाहेर झाडं पळत होती. काकांनी दोन स्टेशनं जाऊ दिली. मग म्हणाले, "तू माझ्या बसमध्ये झोपायचीस."

"मी? कधी?"

"दरवेळी. घाट उतरला की. आरशात दिसायचीस ना. तोंड उघडं टाकून."

"अगंबाई! मग उठवायचं नाही का?"

"कशाला? खड्डे चुकवत न्यायचो. त्यात पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचा. कंडक्टर बोंबलायचा."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि मी आईला सांगायचे, की आपल्या गावाजवळ आलं की रस्ता सुधारतो."

काका खदखदून हसले, आणि मग कुलूप जे उघडलं ते उघडलंच. कुठल्या वळणावर कोण चढायचं, कोण सुट्ट्या पैशांवरून भांडायचं, कुणाची कोंबडी सीटखाली सुटली होती. काकू मधेमधे त्यांच्या दंडावर चापट मारत होती. देश बदलल्याचा मेसेज ताईच्या फोनवर आला, तिने तो दाखवलाही, पण तिकडे बघायला दोघांनाही फुरसत नव्हती.

बऱ्याच वेळाने काकूने विचारलं, "अजून किती राहिलं गं?"

"वीस मिनिटं."

"एवढ्यात?" काकूचं तोंड उतरलं. "त्या बसला नऊ तास लागले असते ना?"