जो लेख कुणी लिहिलाच नव्हता

माझी बायको होळीच्या आधी गेली, म्हणून यंदा घरात गणपती नाही, गौरी नाही. आणि नेमकी यंदाच आमची मुलगी गौरींवर लिहीत बसली होती.

मुलगी भोपाळला दिली आहे. झाशीतल्या मराठी घरांमधल्या बायकांच्या रीती, हा तिचा पीएचडीचा विषय. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलायला लागली की दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर उतरते. लिखाणही हिंदीतच. तिच्या सरांनी प्रकरणं तपासायला मागितली होती आणि ती ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचली तरच प्रबंध या वेळी जमा होणार होता. म्हणून ती चार दिवस माहेरी, झाशीत ओरछा गेटच्या घरी येऊन राहिली होती. माझं शिक्षण बेताचं. कारखान्यात फिटर होतो. पीएचडीतलं मला काही समजत नाही, पण माणूस घाबरलं की समजतं.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तिला सरांचा फोन आला. ती नुसतं "जी सर, जी सर" करत होती. फोन ठेवला आणि लॅपटॉप ओढून बसली.

"काय झालं?"

"काही नाही बाबा. एक लेख हवाय. उसका पहला पन्ना भेजना है."

आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात, मुखवटे नसतात. घरची बाई पाण्यावर जाते, खडे उचलते, आणि घरी आणून बसवेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. मुलीने लिहिलं होतं की झाशीतली मराठी घरं हे खडे नदीवरून नाही, शहरातल्या तलावावरून आणतात. खाली लेखाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, साल, पान, सगळं व्यवस्थित. सरांना तो लेख कुठेच सापडला नव्हता.

"मग तू कुठे वाचलास?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "एआयमध्ये." प्रश्न विचारायचा, ते शेकडो लेख धुंडाळतं आणि उत्तर देतं, खाली कुठून घेतलं तेही देतं, असं तिने मला समजावलं.

"उत्तर वाचलंस. लेख वाचलास का?"

"बाबा, सगळे असंच करतात."

"मी सगळ्यांना नाही विचारत."

तिने पुन्हा पुन्हा शोधलं. नाव पालटून, साल काढून. लिहिणाऱ्या बाई खऱ्या निघाल्या, पण त्यांचं सगळं लिखाण शेतीवर. शेवटी तिने त्या यंत्रालाच विचारलं, हा लेख आहे का? त्याने माफी मागितली. म्हणे, असा लेख आढळत नाही. मला इतका राग आला! माफी मागतंय, जसं गवळ्याने दुधात चुकून पाणी पडलं म्हणून सांगावं.

"तुझी आई ओरछ्याला जायची, बेतवा नदीवर," मी म्हणालो. "टेम्पोने. तलावावर कधी गेली नाही."

"मालूम है. मला वाटलं, बाकीचे जात असतील."

"आईला का नाही विचारलंस?"

"तिला धाप लागायची ना. वाटलं, कशाला बोलायला लावू. यात मिळत होतं सगळं."

धाप खरीच लागायची. भिंतीला टेकून बसायची आणि हातानेच पाणी मागायची.

थोड्या वेळाने मुलीने पिशवीतून एक छापील कागद काढला. मुलाखतीचा. ज्या बायांशी ती बोलली, त्यांनी सही करून दिलेले तसले कागद होते तिच्याकडे.

"बाबा, यावर आईचं नाव घालते. तिने सांगितलं, नदीवरून आणतो म्हणून. ते तर खरंच आहे ना? साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा."

"तिने तुला सांगितलं?"

"तुम्ही सांगितलंत ना आत्ता."

"मग माझं नाव घाल."

"तुम्ही पुरुष आहात! प्रकरण बायकांचं आहे. बाबा, प्लीज. संध्याकाळपर्यंत नाही गेलं तर सहा महिने लटकेल. सासरी काय तोंड दाखवू? तसंही म्हणतात, बहूरानी की पढ़ाई खतम ही नहीं होती."

पेन माझ्या हातात दिलं तिने. मी सही करावी असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीचे सहा महिने वाचले असते. तिच्या आईचं नाव पुस्तकात छापून आलं असतं. माझ्या घरात तिचं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय, आणि तेही कापून आणा म्हणून दुकानदार मागे लागलाय.

पण नाही झालं. म्हणालो, "त्या मशीनने जिवंत बाईच्या नावावर खोटा लेख घातला. तू मेलेल्या बाईच्या तोंडात बोलणं घालणार. ती तर नाही म्हणायलाही येणार नाही."

"आई असती तर दिली असती सही!"

"असती तर तू विचारलं असतंस का?"

फार लागलं तिला. उठून आतल्या खोलीत गेली, दार आपटलं. मी पेनाचं टोपण लावत बसलो. शेजारच्या भाभीजी भिंतीपलीकडून विचारत होत्या, "का हो गओ, भैया?" मी सांगितलं, कुछ नहीं.

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्यासमोरच तिने सरांना फोन लावला. "सर, वो लेख है ही नहीं. मैंने देखे बिना लिख दिया था." मग सर बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "आता नाही होणार जमा. पुढच्या वेळी. प्रत्येक लेख उघडून, पान काढून दाखवायचंय. पूरा."

"जावईबापूंना मी सांगू?"

"नको. माझं मी सांगेन."

सरांनी काही दया दाखवली नाही, आणि मीही कौतुक केलं नाही. कौतुकाचं काम नव्हतं ते. तिने तलावाचं वाक्य खोडलं. मग संदर्भांच्या यादीतल्या पुढच्या लेखाचं नाव मोठ्याने वाचलं आणि शोधायला लागली. मी खुर्ची जवळ ओढली. पडद्यावर चक्र फिरत राहिलं, बराच वेळ.

"आहे," ती म्हणाली. "मिल गया."

"वाच मग," मी म्हणालो. "पहिल्यापासून वाच."