खंजिरीचा दावा

रुख्मिणीने आपल्या जेठावर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावावर, अमरावतीच्या कोर्टात दावा लावला तेव्हा बडनेऱ्याजवळच्या त्या गावाला दुसरा विषयच उरला नाही. कारण ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून जेठासमोर एक शब्द बोललेली नव्हती. घरची रीतच तशी. जेठ खुशालराव ओसरीवर आले की हिचा पदर डोक्यावर, आणि काही सांगायचंच असलं तर गोठ्यातल्या गाईला ऐकवायचं. "गाई, चहा झाला वं." खुशालरावही गाईलाच म्हणायचे, "गाई, आन म्हनाव." गाय बिचारी दोघांचं ऐकून घ्यायची.

भांडण देवळाचं होतं. मोझरीच्या आश्रमात जाऊन आल्यापासून रुख्मिणीला खंजिरीच्या भजनाने वेड लावलं होतं. तिने शेजारच्या बेबीताईला आणि आणखी चार बायांना गोळा केलं आणि दर गुरुवारी देवळाच्या सभामंडपात भजन सुरू केलं. देवस्थानचे अध्यक्ष खुशालराव. त्यांनी ठराव केला की बायांनी मंडपात वाजवायचं नाही, बाहेर ओट्यावर बसून टाळ्या वाजवाव्या. देवाला कोणी विचारलं होतं का? पण खुशालराव म्हणजे वाडवडिलांच्या रीतीपुढे कोणाचंच न ऐकणारा माणूस.

रुख्मिणी महिनाभर धुमसली. शेवटी नवरा शेषराव म्हणाला, "तू जाय कोर्टात. मी हाव ना." अमरावतीच्या कमलाकांत वकिलांनी दावा लिहिला. गाव हसलं, की तोंडाने बोलत नाही म्हणून ही बाई कोर्टातून बोलते.

बोलायची वेळ आली तिथेच घोळ झाला. उलटतपासणीला रुख्मिणी पिंजऱ्यात उभी राहिली, समोर पाहिलं, तर पहिल्याच बाकावर जेठ. हात आपोआप डोक्यावर गेला, पदर कपाळापर्यंत आला आणि वाचा बसली. समोरच्या वकिलाने तीनदा विचारलं. न्यायाधीश मॅडमनी समजावलं. कमलाकांत वकील कपाळाला हात लावून बसले. समोरचा वकील मात्र खुशीत होता, कारण हिने तोंड उघडलं नाही तर दावा बुडालाच.

तेवढ्यात खुशालराव उठले. त्यांच्या वकिलाने बाही ओढली, "बसा हो, आपलंच काम होऊन राहिलं."

"मॅडम, माह्या भावाची बायको हाय," खुशालराव म्हणाले. "मी अठी बसलो त तिच्या तोंडातून शबद निघनार नाई. मी बायेर थांबतो. तिले बोलू द्या."

आणि आपल्याच विरुद्ध साक्ष होऊ देण्यासाठी तो माणूस टोपी सावरत बाहेर गेला.

मग रुख्मिणी बोलली. "मंडप बांधला तवा रेती आमीच डोक्यावरून वायली जी. तवा बायांले कोनी मनाई नाई केली." आणखीही पुष्कळ बोलली. बोलताना तिचा डोळा सारखा दाराकडे जात होता आणि भरून येत होता. असा विरोधक किती जणांच्या वाट्याला येतो?

निकाल बायांच्या बाजूने लागला. पुढच्या गुरुवारी त्या मंडपात बसल्या. खंजिरीवर थाप पडली, तोच दारात खुशालराव. रुख्मिणीचा हात थांबला, पदर पुढे आला. खुशालरावांनी ते पाहिलं आणि कोर्टातल्यासारखे बाहेर जायला चपलांकडे वळले.

रुख्मिणीने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ त्यांनाच हाक मारली, "भाऊजी! तुमी बायेर गेले म्हनून मले बोलता आलं. तुमचे लय उपकार हायेत. आता आत बसा."

बाया चकित झाल्या. उत्तर कोणामार्फत द्यावं ते खुशालरावांना कळेना, देवळात गाय नव्हती. ते खांबाला टेकून बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"वाजव माय," ते तिलाच म्हणाले.