उकव्याच्या निरगुडीचा लेप

शांता गेली त्याला दीड वर्ष झालं. माझा गुडघा मात्र तिच्या हातच्या लेपासाठी हटून बसला होता. घरी चारदा करून पाहिला. आराम नाहीच, वरून कातडी सोलवटली. शेवटी पिशवी भरली आणि गोंदियाहून निघालो थोरल्या मेहुणीकडे, उकव्याला. लेप त्यांच्या माहेरचा, जाणणारी आता ही एकच.

सकाळच्या गाडीनं बालाघाट, स्टेशनाबाहेर पोहे, मग बैहरची बस. उकवा वाटेतच लागतं. खिडकी धरा, सुट्टे पैसे ठेवा, आणि घाटात वळणं फार, तेव्हा पोट थोडं रिकामंच बरं. जंगल लागलं तशी आठवण आली: दर उन्हाळ्यात शांता इथं मला झाडं दाखवायची अन् मी पेंगायचो.

मेहुणीबाईंचं घर खाणीच्या वस्तीला लागून. चहा झाला अन् लगेच पाटा निघाला. परसातल्या निरगुडीचा ओला पाला, सुंठ, हळद. बारीक वाटून मोहाच्या बियांच्या तेलात सोसवेल इतकं कोमट करायचं. मिक्सरवाले वैद्य म्हणून माझी फिरकीही घेतली. लावायचा खालून वर, केसांच्या उलट. मिक्सर सोडला तर मीही सगळं असंच करत होतो. मग चुकत होतं कुठं?

"पुसता कवा?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, पुसायचा कशाला? दुपारच्या जेवणानंतर शांता लावायची, मी आडवा व्हायचो. उठेस्तोवर गुडघा स्वच्छ. लेप आत जिरलेला.

बाई पदर तोंडाशी धरून हसल्या. "लेप का जिरते जी, जवाईबुवा? वाळला का कातडी ओढते. ओला हाये तवरच कोमट फडक्यानं पुसा लागते." मग हसू थांबलं. "शांता बसून राहत असन तुमच्यापाशी. बोटानं ओल चाचपत. अन् तुमी घोरत असान."

त्या वेळी शांता पलीकडच्या खोलीत निजते, असं मी जन्मभर धरून चाललो होतो.

परतीच्या बसमध्ये डोळा लागला नाही.

करून पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवा: लेप रोज ताजा वाटा, जखमेवर लावू नका. बाईंनी दिलेली निरगुडीची फांदी कुंडीत जगली आहे. आता दुपारी लेप लावून जागा बसतो. कडा पांढुरक्या पडू लागल्या की पुसतो. गुडघा खरंच हलका झालाय. पण तो अर्धा तास फार मोठा असतो. त्या इतक्या दुपारींपैकी एखाद्या दुपारी मी नुसते डोळे उघडले असते, तर ती समोरच बसलेली होती.