कळप डिसेंबरात येतो

टॅक्सीची डिकी बंद होत नव्हती म्हणून बाबा चक्क तिच्यावर बसले होते, आणि शेजारचे नाडकर्णीकाका गॅलरीतून ओरडत होते, "अगं मनू, सिंह आफ्रिकेत, मग तू जर्मनीला कशाला चाललीस?" मीही खालून ओरडले, "काका, सिंह तिकडे, पण त्यांचा डेटा जर्मनीत!" सगळे हसले. आई सोडून. ती एवढंच म्हणाली, "डिसेंबरात ये म्हणजे झालं."

तर कॉलनीतल्या सगळ्यांनो, बाहेर पडलेल्यांनो आणि मागे राहिलेल्यांनो, भराभर टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आपल्या कॉलनीचा डिसेंबर तुम्हाला माहितीये. दादा अमेरिकेतून, कोणी सिंगापूरहून, आपण सगळे एकदम उगवतो. म्हणून लग्नं, मुंजी, वास्तुशांत सगळं डिसेंबरात. बारसंसुद्धा, बाळ तोवर रांगायला लागलं तरी! चकल्यांचे डबे भरतात, गाद्या उन्हात पडतात. आणि जानेवारीत आपण गायब.

आता माझं काम ऐका, सॉलिड आहे. सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट आणि झेब्रे पावसाच्या मागे वर्षभर गोल फिरतात. डिसेंबरच्या आसपास दक्षिणेच्या माळावर कोवळं गवत येतं, तिथे नजर पोचणार नाही एवढे जमतात, तिथेच त्यांना पिल्लं होतात. गवत वाळलं की चालले उत्तरेला. त्यातल्या काहींच्या आणि काही सिंहिणींच्याही गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात, आणि मी फ्रँकफर्टजवळच्या एका गावात, तळघरातल्या ऑफिसात, हीटरला पाय टेकवून त्यांचे ठिपके बघते. मला वाटायचं, कळप निघाला की सिंह मागोमाग जात असणार. आल्झो, म्हणजे बघा, अजिबात नाही! माळावरच्या सिंहिणींचे ठिपके जवळजवळ तिथेच. आपला इलाका सोडून त्या फारशा जात नाहीत.

मी एवढी एक्साइट झाले की लगेच आईला फोन लावला. "आई, सिंह कळपाच्या मागे जातच नाहीत!"

"मग खातात काय?"

"मिळेल ते. रानडुक्कर, एखादं हरीण. वाईट महिन्यांत त्यांची पिल्लं मरतात अगं उपाशी."

ती म्हणाली, "बरं. स्वेटर घालतेस ना?"

त्या वर्षी बाबांची एकसष्टी होती. खरा वाढदिवस ऑगस्टमधला, पण दादा आणि मी असावं म्हणून एकसष्टीची शांत डिसेंबरात ढकललेली. गुरुजी ठरले, हॉल ठरला. आणि प्रोफेसरांनी मला डिसेंबरचीच फील्ड ट्रिप दिली. प्रत्यक्ष माळावर! मी फोनवर चाचरत सांगितलं, तर बाबा म्हणाले, "जा गं तू. मी काय, मार्चमध्येही एकसष्टच असेन." दादाला मार्चमध्ये सुट्टी नव्हती. तरी बाबांनी हॉल रद्द केला. मग दादानेही डिसेंबरचं तिकीट रद्द केलं. शांतच नाही तर कशाला, म्हणाला.

आणि मी गेलेच नाही. माझं काँट्रॅक्ट उशिरा वाढलं, त्यामुळे जर्मनीत राहायचं परमिट अडकलं. हातात एक तात्पुरता कागद. देशात राहा, बाहेर पडलात तर परत येऊ देतील याची खात्री नाही. माझ्या जागी ऑफिसातला योनास गेला. "डू, अगं, हे माझ्या हातात नव्हतं," म्हणाला. गेनाऊ, अगदी बरोबर. कोणाच्याच हातात नव्हतं. त्याच कागदामुळे पुण्याला घरी येणंही बंद. ख्रिसमसला सगळं गाव बंद असताना मी स्क्रीनवर कळप माळावर पोचताना बघितला. इतका सुंदर दिसत होता की मला त्याचा राग आला.

परमिट मिळालं तोवर मार्चही गेला. मेमध्ये सुट्टी मिळाली आणि मी न कळवता घरी गेले. सरप्राइज! मेमधलं आपलं घर मी बाहेर पडल्यापासून पाहिलंच नव्हतं. पडदे ओढलेले, दादाच्या खोलीला बाहेरून कडी, पलंगांवर जुन्या चादरी टाकलेल्या. जिन्यात कोणाच्याच चपला नाहीत. आईने दार उघडलं आणि पहिलं काय बोलली? "अगं, कळवायचं तरी. घरात काही नाहीये."

मी म्हटलं, "बाबा, मी आलेय, उद्याच गुरुजींना बोलावू. एकसष्टी करून टाकू."

"आणि तुझा दादा?" बाबा म्हणाले. "राहू दे. आता सत्तरीला बघू. तोवर तुम्ही दोघं तारखा जुळवून ठेवा." चिडून नाही हं. हसत. ते जास्त लागलं.

मग जेवायला बसलो. आईने कुकर उघडला, दोघांपुरता भात. तिने तो तीन ताटांत वाढला. बाबांनी आपल्यातला अर्धा माझ्या ताटात ढकलला आणि म्हणाले, "मला नाहीतरी भूक नाहीये."

डिसेंबरात आपण बघतो ना, ते घर आपल्यासाठी मांडलेलं असतं. त्यांचं रोजचं घर ते मेमधलं आहे. तिथे भात लावताना मला हिशेबात कोणी धरत नाही, आणि धरावं असं मी काही केलेलंही नाही.