ओले कान

अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनवर बसणाऱ्याच्या कानांना काय काय पचवावं लागतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आमच्या या भल्या माणसानं तिथं इतकी वर्षं काढली होती, की पलीकडे कुणी रडो नाहीतर किंचाळो, त्याचा सूर ढिम्म हलत नसे. सोबतचे त्याला 'बर्फ' म्हणायचे आणि गड्याला त्याचाच अभिमान. घ्या!

मग एका सकाळी त्याची धाकटी लेक पायरीवरून पडली. गुडघा फुटला. भोकाड पसरून ती अब्बांकडे धावली आणि हा सपाट आवाजात म्हणाला, "पत्ता सांगा."

लेक रडायचीच थांबली आणि मुकाट्यानं आईकडे गेली. त्याच्या पायाखालची मात्र जमीन सरकली. पोरीचं रक्त बघूनही आपल्याला आत काहीच होत नाही, याची त्याला भीती वाटली. नोकरी सोडायची असं ठरवून तो थोरल्या बहिणीकडे गेला.

आपानं सगळं ऐकून घेतलं. "नमाज पढतोस ना?"

"घरी गेल्यावर. राहिलेल्या सगळ्या एकदम."

"म्हणजे थकबाकी भरतोस! अरे, दुपारची दुपारी पढ. खुर्चीवरून ऊठ म्हणून अल्लाह बोलावतोय, आणि तू त्यालाच होल्डवर ठेवतोस?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कामावर दुपारच्या नमाजापुरती सुट्टी चाचरत मागितली. शिफ्टच्या प्रमुख बाई एरवी कडक, पण "जा, तुमची लाइन मी धरते," म्हणत त्यांनी त्याचा हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करताना ओली बोटं कानांवरून फिरवायची असतात. आजवर त्यानं ते नुसतं सवयीनं केलं होतं. आज बोटं तिथंच थबकली. सकाळपासूनच्या किंकाळ्या अजून कानात बसून होत्या. सजद्यात कपाळ टेकलं आणि त्याला हमसून रडू आलं. कितीतरी दिवसांनी! मग बोटांच्या पेरांवर तो अल्लाहचे आभार, शुक्र मोजत बसला: बाईंसाठी, आपासाठी, वेळेत पोचलेल्या गाड्यांसाठी.

काम काही हलकं झालं नाही. फोन तेवढेच, ओरडणंही तेच. पण रोज दुपारी ओल्या कानांनी तो खुर्चीवर परतायचा, तेव्हा पलीकडे माणूस आहे हे त्याला पुन्हा ऐकू यायचं. राजीनामा आपोआपच मागे पडला.

पोरं पडायचीच. लेक पुन्हा पडली. कोपर धरून जरा लांबच उभी राहिली.

"अब्बा, आधी पत्ता सांगू?"

त्यानं तिला उचलून छातीशी धरलं. त्याच्या ओल्या गालाला हात लावून तीच घाबरून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला कुठं लागलं?"