रिकाम्या गावाचा पंचनामा

काही प्रकरणे निकालाबरोबर दोरीने बांधून कपाटात जातात आणि तिथेच राहतात. चाचीच्या कुलुपाचे प्रकरण मात्र आजही आठवते. आठवले की आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. लाज अशासाठी, की एका निर्दोष म्हातारीला मी जवळजवळ आत टाकले होते, तेही कागदपत्रे अगदी नीट वाचून.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षेच झाली होती. मी बार्शीकडचा माणूस. आमच्याकडे धान्याच्या कणगीलासुद्धा कुलूप असते. नवा फौजदार म्हणून माझी नेमणूक मालवणच्या किनाऱ्यावर झाली तेव्हा समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. आता जिल्ह्याची कचेरी ओरोसला आहे, पण तेव्हा प्रत्येक शेऱ्यासाठी रत्नागिरीकडे डोळे लावून बसावे लागे. लोक बोलत ते मला निम्मेच कळे. उरलेले निम्मे आमचे हवालदार समजावून सांगत. ते तारकर्लीचे, वीस वर्षे नोकरी झालेले. ठाण्याचा फौजदार कागदावर मी होतो इतकेच. माझ्याशी ते पुस्तकी मराठी बोलत आणि मान वळवून फिर्यादीशी मालवणी. दोन्हीकडे त्यांचा आवाजसुद्धा वेगळा असे.

मी हजर होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच एक गृहस्थ फिर्याद घेऊन आले. पांढरा कोट, हातात चामडी पिशवी, बोलणे मुंबईचे. खाडीकाठच्या एका गावात त्यांच्या मालकाची जमीन होती. हे त्या मालकाचे मुखत्यार. जमिनीवर एक घर होते आणि ते वर्षभर ओसाड पडले होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी रीतसर दोन पंच नेऊन पंचनामा केला आणि घराला कुलूप घातले. दोन दिवसांनी एका म्हातारीने कोयत्याने कुलूप तोडून घरात ठाण मांडले. तोडलेले कुलूप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. कोरे करकरीत होते, फक्त कडी वाकलेली.

पंचनामा मी दोनदा वाचला. असा सुबक पंचनामा आमच्या खात्यातही क्वचित होतो. घरात माणूस नाही. चूल थंड, चुलीत राख नाही. गोठा रिकामा. अंगणात कोंबडी नाही, कुत्रे नाही. शेजारी चौकशी करू गेले असता शेजारीही मिळून आले नाहीत. खाली गावातल्याच दोन पंचांच्या सह्या. मी मनात म्हटले, तपासाला आता राहिले काय? शेजारीही मिळून आले नाहीत या वाक्यावर खरे तर मी थांबायला हवे होते, पण नव्या अधिकाऱ्याला स्वच्छ कागदाची भूल पडते.

म्हातारीला बोलावून घेतले. साठी उलटलेली, डोक्यावर पांढरी ओढणी, पायांत वहाणा नाहीत. नवरा गलबतावर तांडेल होता, तो वारला होता. गावात सगळे तिला चाची म्हणत. घर नवऱ्याने स्वतः बांधलेले, जमीन मात्र मालकाची. जुना मालक वारल्यावर त्याचा वारस मालक झाला होता आणि त्याला ती विकायची होती. चाचीची वहिवाट मध्येच तुटली एवढे कागदावर आले की तिचा हक्क संपणार होता, आणि वर घर फोडल्याचा गुन्हा अंगावर येणार होता. हे सगळे तिला माहीत होते. तरीही ती माझ्यासमोर बाजारात आल्यासारखी बसली होती.

मी विचारले, कुलूप तोडले का? ती म्हणाली, तोडले. घर माझे, कुलूप माझे नव्हे. मी विचारले, पंच आले तेव्हा घरात होतात का? नव्हते. घर सोडून का गेला होतात? तिने सरळ उत्तर दिले, “देवान सांगल्यान म्हणान.”

मला वाटले म्हातारी मला खेळवते आहे. कोणता देव, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. तिने गावच्या देवळाच्या दिशेला हात केला. तुम्ही तर मुसलमान, मी म्हटले. त्यावर ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी शाळेत पहिल्या बाकावर बसूनही धडा न आलेला मुलगा होतो.

“देव त्यांचो आसात, सायबानू,” ती म्हणाली, “पण गाव माजोय आसा. सगळो गाव भायर पडलो, मगे मी एकटीन चूल पेटवन कोणाक जेवक घालू?”

मला काही बोध होईना. अटकेचा कागद काढायला मी हवालदारांना सांगितले. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी पंचनामा मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तारीख पाहिली. मग मी आल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याशी मालवणीत बोलले.

“सायबानू, ह्या तारखेक गावात कुत्रोसुदा नाय होतो.”

तेव्हा मला गावपळण म्हणजे काय ते कळले. दर तीन-चार वर्षांनी गावकरी ग्रामदैवताला कौल लावतात. देवाने होकार दिला की ठरल्या दिवशी सगळा गाव वेशीबाहेर पडतो. माणसे, गुरे, कोंबड्या, मांजरे, पाळण्यातली पोरे, सगळे. तीन दिवस सीमेबाहेर झोपड्या बांधून राहायचे, रांधायचे, भजने म्हणायची, पत्ते कुटायचे. घरे तशीच उघडी. परतायचे तेही देवाला विचारून. त्या काळात गावात कोणी पाय ठेवत नाही. हिंदू-मुसलमान सगळेच जातात, कारण नियम गावाचा आहे. हवालदारांनी स्टेशन डायरी उघडून दाखवली. मी हजर होण्याच्या चार दिवस आधीची नोंद त्यांच्याच अक्षरात होती: अमुक गावी गावपळण सुरू, गाव रिकामे.

मी विचारले, मग चोऱ्या होत नाहीत? हवालदार म्हणाले, “साहेब, चोरसुद्धा झोपडीत असतो ना.”

चाचीला मी घरी पाठवले. चहा पाजून पाठवले हेही सांगितले पाहिजे, कारण माफी मागण्याचे धैर्य त्या वयात माझ्याकडे नव्हते.

पण अटक टळली म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. मुखत्यारांना विचारले तर ते शांतपणे म्हणाले, गाव तीन दिवस बाहेर असेल, घर मात्र वर्षभर ओसाड आहे, माझे पंच सांगतील. माणूस हुशार होता. पंचनाम्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि खोडून काढायला त्या दिवशी गावात साक्षीदार नव्हता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

खबर मिळाली ती खाडीवर होडी चालवणाऱ्या तरीवाल्याकडून. खेड्यात न्हावी, कोळीण आणि तरीवाला या तिघांना जे ठाऊक नसते ते घडलेलेच नसते, असा माझा पुढच्या तीस वर्षांचा अनुभव आहे. खाडी ओलांडताना हवालदारांनी पळणीचा विषय सहज काढला. तरीवाला म्हणाला की कोटवाल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी त्यानेच पलीकडे नेले होते. तरीवाला स्वतः होडीतून उतरला नाही, पाय गावच्या जमिनीला लागू नये म्हणून. पाहुणा गुडघाभर पाण्यातून एकटाच चालत गेला, हातात नवे कुलूप. मी विचारले, बरोबर पंच? तो हसून म्हणाला, पळणीत पंच खंय मिळतले? पण साक्षीला मात्र माझे नाव घेऊ नका, म्हणाला. मालकाच्या माणसाशी वाकडे कोण घेईल?

तेव्हा पंचांनाच बोलते करायला हवे होते. पहिला पंच गावातला किराणा दुकानदार. बोलका, गोल चेहऱ्याचा, घरी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय न सोडणारा. मी त्याला ठाण्यावर बोलावले आणि खुर्ची दिली. खोटे बोलणाऱ्याला अडवू नये, त्याला पोटभर बोलू द्यावे. तो बोलत गेला. घर स्वतः पाहिले, चूल स्वतः पाहिली, गोठ्यात वाकून पाहिले. हवालदार खाली मान घालून उतरवून घेत होते. मी विचारले, त्या दिवशी तुम्ही स्वतः गावात, त्या घरात हजर होता, नक्की? नक्की, म्हणाला.

मग मी पंचनाम्यावरची तारीख मोठ्याने वाचली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. हवालदारांनी मान वर न करता एवढेच सांगितले, “पळणीचो दुसरो दिवस.”

दुकानदाराच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने कागद हातात घेतला, तारखेवर बोट ठेवले, बोट उचलून पुन्हा ठेवले. मी म्हटले, ठीक आहे, जबाब पूर्ण झाला. आता रिवाजाप्रमाणे गावात येऊन खातरजमा करतो. उद्या सकाळी देवळासमोर मानकऱ्यांच्या पुढ्यात तुमचा जबाब वाचून दाखवू.

तो खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसला. त्याने हात जोडले.

“सायबानू, खोटी सही केलंय म्हणान माका जेलात घाला. पण पळणीत मी गावात होतंय असा मातर लिवू नकात.”

पुढचे सगळे पाच मिनिटांत बाहेर आले. मुखत्याराने लिहून तयार असलेला कागद दुकानात आणला होता. तारखेची जागा कोरी होती. रस्त्याकडेची जागा दुकानासाठी देऊ, असे आमिष होते. याने सही ठोकली, शेजाऱ्यालाही ठोकायला लावली. मुंबईच्या मुखत्याराने तारीख नंतर घातली, गाव रिकामे असेल तीच. वर्षभर घर ओसाड असल्याचे दाखवायला याहून सोयीचा दिवस त्याला मिळाला नसता. गाव रिकामे म्हणजे गावातले पंचही बाहेर, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. त्याच्या लेखी ती अंधश्रद्धा होती, आणि अंधश्रद्धेचा हिशेब तो कशाला ठेवील? दुसऱ्या पंचाने तर मी विचारायच्या आधीच कबुली दिली, कारण दुकानदार बाहेर पडताना त्याला वाटेत भेटला होता.

मुखत्याराची फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी वर पाठवला. तिथून जो शेरा आला तो मला अजून पाठ आहे. “गाव कोणाच्या आदेशान्वये रिकामे करण्यात आले ते कळवावे.” मी लिहिले, “ग्रामदैवताच्या आदेशान्वये.” पुन्हा कागद आला, “आदेशाची प्रत जोडावी.” उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजले. हवालदारांशी बराच खल करून मी उत्तर पाठवले: “प्रत उपलब्ध नाही. आदेशाची अंमलबजावणी मात्र पूर्ण झाल्याचे स्टेशन डायरीवरून दिसून येते.” यावर रत्नागिरीहून काही आले नाही. अहवाल मंजूर झाला, मुखत्यारावर खोट्या फिर्यादीचा खटला भरला गेला आणि चाचीच्या घरावर पुढे कोणी बोट ठेवले नाही. दुकानदार कोर्टात खरे बोलला. गावाने त्याला काय शिक्षा दिली ते मी विचारले नाही, पण वर्षभर देवळातल्या समयांना तेल त्याच्या दुकानातून जात होते.

माझी बदली होण्याआधी पुन्हा गावपळण आली. चार दिवस आधी गावचे मानकरी ठाण्यावर आले आणि त्यांनी लेखी अर्ज दिला. असा अर्ज त्या गावाने पूर्वी कधीच दिला नव्हता. खाली बाहेर पडणाऱ्या सगळ्या कुटुंबांची यादी, सह्या-अंगठ्यांसह. पहिले नाव दुकानदाराचे होते. मी त्यावर बंदोबस्ताचा हुकूम लिहिला आणि हुकमात एक ओळ घातली, जी कुठल्याही नियमावलीत सापडणार नाही: पोलिसांनी सीमेच्या आत पाय ठेवू नये. गावाने आमच्याकडून कागद घेतला आणि आम्ही गावाकडून वेस घेतली. कायदा पुस्तकातून समाजात उतरतो असे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. उलट वाटेनेही तो येतो, हे मला त्या वेशीवर उभे राहून कळले.

सकाळी गाव बाहेर पडू लागला. बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत ओरडणाऱ्या कोंबड्या. जत्रेसारखी गडबड होती. शेवटच्या लोकांत चाची आली, कडेवर शेजारणीचे नातवंड आणि हातात कंदील. मुद्देमालातले ते कुलूप कोर्टाकडून न्यायला मुखत्यार कधी आलाच नव्हता. ते आठवून मी थोडे थट्टेने आणि थोडे काळजीने विचारले, चाची, या खेपेला तरी घराला कुलूप घातले ना?

ती थांबली. मागे वळून रिकाम्या गावाकडे पाहिले, मग माझ्याकडे आणि माझ्या दोन शिपायांकडे.

“देव आत आसा, तुमी भायर आसास,” ती म्हणाली. “मगे कुलूप कित्याक व्हया?”

नोकरीत मला पुढे दोन-तीन प्रशस्तिपत्रे मिळाली, ती कुठे ठेवली आहेत ते सौभाग्यवतींना विचारावे लागेल. चाचीचे हे वाक्य मात्र मी त्याच दिवशी ठाण्यावर जाऊन लिहून ठेवले. बार्शीला सुट्टीवर गेलो तेव्हा आईला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले, छान आहे म्हणाली, आणि कणगीचे कुलूप ओढून पाहिले.